प्रश्न एकतिसावा : चाखून पाहता का?

अठरा वर्षं मी चेन्नईत बाहेर जेवलो आणि त्यावर पोट भरलं. वाक्य चुकलेलं नाही. जेवणं हीच माझी नोकरी होती. लोक म्हणायचे, नशीबवान आहात. पहिलं वर्षभर मलाही तसंच वाटत होतं.

आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली आणि खरं सांगायचं तर मला जेवायचा कंटाळा आला आहे. भूक लागते, पण ताटासमोर बसलं की हात आधी घड्याळाकडे जातो. ऑर्डर दिल्यापासून किती मिनिटांनी आलं? पाण्याचा पेला खालून धरला की काठाला बोटं लावून? सुधा, माझी बायको, म्हणते, "घरात आहात, जेवा." मी जेवतो. पण मनातल्या मनात मार्क पडायचे थांबत नाहीत.

या कामाला कंपनीच्या भाषेत बरंच भारदस्त नाव होतं. मी साधं सांगतो, आम्ही गुप्त गिऱ्हाईक. हॉटेलांच्या साखळ्या, कारखान्यांचे कॅन्टीनवाले, घरपोच डबे पोचवणारे असे लोक आमच्या एजन्सीला काम द्यायचे. त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी आम्ही साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, जेवायचं, पार्सल घ्यायचं आणि चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा. नियम तीन. ओळख द्यायची नाही, कुणाशी कामापलीकडे बोलायचं नाही, आणि ताटात आलेला प्रत्येक पदार्थ खायचा. तिसरा नियम सोपा वाटतो. लागोपाठ चार दिवस कारल्याचं पोरियल, म्हणजे सुकी भाजी, खाऊन पाहा.

मी मूळचा मिरजेचा. तिशीत चेन्नईला आलो, एका मोठ्या हॉटेलच्या स्टोअरमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या मोजता मोजता तमिळ शिकलो आणि तिथून या एजन्सीत. आमचे साहेब श्रीनिवासन. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "सार, तुम्हाला खोटं बोलता येतं का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग कठीण आहे. पण फॉर्ममध्ये तरी बोलणार नाही ना?" मी म्हणालो, फॉर्ममध्ये कधीच नाही. तो शब्द मी पाळला. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

कामाची गोम मला फॉर्मने शिकवली नाही, तिरुवल्लिकेणीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने शिकवली. तिथल्या गल्ल्यांतून एकट्या पुरुषांच्या खोल्यांच्या जुन्या इमारती आहेत आणि त्यांच्या पोटाची सोय बघणाऱ्या खानावळी. समोरासमोर दोन खानावळी, त्यातली बरी कोणती ते ठरवायला मी गेलेलो. माझ्या बाकावर हा गृहस्थ बसायचा. भात, सांबार, रसम इथे खायचा, आणि शेवटचा ताकभात न घेताच हात धुऊन उठायचा. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. नियम मोडून विचारलं, मोर नको का?

"इंगे रसम, अंगे मोर," तो म्हणाला. रसम इथलं, ताक तिथलं. रस्ता ओलांडून तो समोरच्या खानावळीत गेला, उभ्याने दोन पेले ताक प्यायला आणि कामाला निघाला. तीस वर्षं हाच क्रम असल्याचं वाढप्याने सांगितलं.

त्या दिवसापासून मी पदार्थांकडे कमी आणि रोजच्या गिऱ्हाइकांकडे जास्त बघायला लागलो. नवा माणूस पहिल्या वाढपावर खूश होतो. जुना माणूस दुसऱ्यांदा काय मागतो ते बघायचं. खानावळ कळते ती दुसऱ्या वाढपात.

गमतीही झाल्या. एका वातानुकूलित हॉटेलच्या मॅनेजरने मला ओळखलं. जुना स्टोअरमधला सहकारी निघाला. मी साधा डोसा मागवला तर टेबलाच्या दोन्ही कडांबाहेर जाणारा डोसा आला, मागोमाग न मागितलेला केसरी शिरा, मागोमाग मॅनेजर स्वतः, हात जोडून. तो फॉर्म मी फाडला. त्याला अजून वाटतं, माझ्यामुळे त्याचे मार्क गेले.

पार्सलचं खातं घरी असायचं. पार्सल आणायचं, चाळीस मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग उघडायचं, कारण गिऱ्हाईकही वाहतुकीत अडकून तेवढ्या वेळानेच उघडतं. वडा चाळीस मिनिटं तग धरतो. डोसा पंधरा मिनिटांत मान टाकतो. सांबाराच्या पिशवीला दोरा नुसता गुंडाळलाय की गाठ मारलीय, यावरून मालक दुकानात बसतो की घरी, हे मी सांगू शकतो. सुधा समोर बसून हे सगळं बघायची. अठरा वर्षांत या माणसाने मला एक गरम डोसा खाऊ घातला नाही, असं ती पाहुण्यांना सांगते. एकदा तिने हसत विचारलं होतं, माझ्या आमटीला किती मार्क? मी विचार करून उत्तर दिलं. ती चूक मी पुन्हा केली नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळ्याच चुकीबद्दल.

नोकरीचं दहावं वर्ष असेल. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात महाराष्ट्रातून तरुण इंजिनियरांची मोठी तुकडी आली होती. पोरं कॅन्टीनमध्ये जेवेनात. सगळं आंबट आहे, सगळ्यात खोबरेल तेल आहे, अशी तक्रार. चेन्नईत कुणी खोबरेल तेलात स्वयंपाक करत नाही, ते शेजारच्या राज्यात, पण पोरांना कोण सांगणार? बिस्किटांवर शिफ्ट काढत होती. शेवटी कंपनीने ठरवलं की यांच्यासाठी बाहेरून डबे मागवायचे. शहरातली पाच स्वयंपाकघरं निवडली आणि त्यांची तुलना आमच्याकडे आली. अशा कामात पहिल्या दोन खेपा गुप्त आणि तिसरी उघड. तिसऱ्या खेपेला गळ्यात ओळखपत्र घालून थेट स्वयंपाकघरात जायचं, आणि फॉर्मही मोठा, त्रेपन्न प्रश्नांचा.

पाचांतलं एक नाव होतं वेस्ट मांबलममधली 'राव मामी मेस'. स्टेशनापासून चालत सात-आठ मिनिटं. तळमजल्यावरच्या फ्लॅटची पुढची खोली, तीत चार टेबलं, मागे स्वयंपाकघर. नावावरून मी ओळखलं की तंजावरकडचं मराठी घर असणार. शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेलेली ही माणसं. मराठी घरापुरती उरलेली, तीही जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. बाहेर जग त्यांना राव म्हणतं.

मामींचं नाव अंबुजाबाई. सत्तरीला टेकलेल्या, बारीक, नऊवारी नाही पण तशीच घट्ट नेसलेली सुती साडी. नवरा गेलेला, मुलगाही गेलेला. घरात त्या आणि सून वासंती. फोनवरून जेवण मागवायची सवय लोकांना लागली तसे दुपारचे जेवणारे आटत गेले होते. मी गेलो त्या दिवशी चार टेबलांवर मिळून पाच माणसं होती. तो डब्यांचा करार मिळाला तर मेस चालणार होती, नाहीतर नाही. हे मला फॉर्मने सांगितलं नाही, रिकाम्या खुर्च्यांनी सांगितलं.

केळीच्या पानावर भात आला, वर तूप-डाळ, मग पालेभाजी. चिंचेच्या कोळातली, मऊ शिजलेली, कढत. मी मिनिटं मोजण्याच्या नादात मोठा घास घेतला.

"आई गं!"

अठरा वर्षांच्या नोकरीत गुप्त खेपेत माझ्या तोंडून निघालेला हा एकमेव मराठी शब्द. मामी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"भाजलं कीं? आंबटभाजी ती, हळू खायची." मग माझ्याकडे निरखून बघत, "मराठी कीं तुम्ही?"

ओळख द्यायची नाही, हा पहिला नियम. मी तमिळमध्ये म्हणालो, "इल्लै मामी, नान मद्रास दान." नाही मामी, मी मद्रासचाच. माझी तमिळ चांगली आहे, पण मिरज तिच्यातून जात नाही. मामींनी मान हलवली, "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि आत गेल्या.

मराठी असून मराठी नाही म्हणायची पाळी माझ्यावर तोवर आली नव्हती. घरी येऊन सुधाला सांगितलं तर ती म्हणाली, "पोटासाठी माणूस काय काय करतो." तिला विनोद करायचा होता. मला तो लागला.

आठ दिवसांनी दुसऱ्या खेपेला गेलो. पान वाढून झाल्यावर मामी एक छोटी वाटी घेऊन आल्या आणि पानाच्या कोपऱ्यावर दह्यात कालवलेलं उडदाच्या पिठाचं डांगर वाढलं. इतर कुणाच्या पानावर ते नव्हतं. जाताना त्या मराठीत, भिंतीला सांगावं तशा म्हणाल्या, "मद्रासवाल्यांना हे आवडतं." मी मान खाली घालून खाल्लं. आमच्याकडचं डांगर. वीस वर्षांत इतकं चांगलं खाल्लं नव्हतं. फॉर्ममध्ये 'पूर्ण मार्क' लिहिताना पहिल्यांदाच माझा हात हलका वाटला.

तिसऱ्या खेपेला ओळखपत्र घालून, टॅबलेट घेऊन दारात उभा राहिलो. मामींनी आधी ओळखपत्र वाचलं, मग मला बघितलं आणि हसल्या. रागावल्या नाहीत.

"अय्यो राव, हे होय तुमचं काम! येवा. चपला तिकडे ठेवा. ओवळ्यानं शिवू नका कशालाच, नुसतं बघा."

ते स्वयंपाकघर मी विसरणार नाही. दहा बाय दहाची खोली, पण पितळेची भांडी घासून चकचकीत, डाळ-तांदळाचे डबे झाकलेले, पाणी गाळलेलं. प्रश्न भराभर पुढे सरकत होते. स्वच्छता, होय. साठवण, होय. पाणी, होय. तेवढ्यात स्वयंपाक तयार झाला. मामींनी एका लहान ताटलीत प्रत्येक पदार्थ चमचाभर घेतला, वर तुळशीचं पान ठेवलं, कोनाड्यातल्या देवापुढे ताटली ठेवून पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग ताटलीतला भात भांड्यात मिसळला आणि वासंतीला म्हणाल्या, "आता वाढ."

आणि टॅबलेटवर एकतिसावा प्रश्न आला. स्वयंपाकी प्रत्येक पदार्थ वाढण्याआधी चाखून पाहतो का? होय. नाही.

प्रश्नापुढे लाल चांदणी होती. लाल चांदणीच्या प्रश्नाला 'नाही' आलं की बाकीचे मार्क कितीही असोत, ते स्वयंपाकघर यादीबाहेर.

"अक्का," मी मामींशी पहिल्यांदाच मराठीत बोललो, "तुम्ही चाखत नाही ना?"

त्यांनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं बघितलं. "उष्टं कसाला दाखवू देवाला?"

"मग मीठ कळतं कसं?"

"नाक आहे कीं! मीठ कमी तर वास कच्चा येतो. बराबर झालं कीं वास बसतो. माझी सासू तशीच, तिची सासू तशीच."

मला त्या काय म्हणतायत ते पूर्ण कळत होतं. मिरजेला माझी आईसुद्धा नैवेद्य दाखवल्याशिवाय काही तोंडात घालत नसे. सणाच्या दिवशी श्रीखंडाला बोट लावलं म्हणून मी तिचा मार खाल्लेला आहे. त्या फॉर्मवर काम करणाऱ्या आमच्या अकरा जणांत हे ज्याला समजलं असतं असा बहुधा मीच एक होतो. आणि त्यांच्या आंबटभाजीला, डांगराला पूर्ण मार्क देणाराही मीच होतो.

उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी 'नाही'वर बोट ठेवलं. शेवटी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं : नैवेद्याच्या प्रथेमुळे चाखत नाहीत, चव उत्कृष्ट, शिफारस करतो.

दुपारी श्रीनिवासनांचा फोन आला. "सार, शेरा कोण वाचतो? मशीन फक्त टिक वाचतं. तुमचा फॉर्म मी संध्याकाळपर्यंत उघडा ठेवतो. पुन्हा एकदा बघून घ्या." ते यापेक्षा स्पष्ट बोलू शकत नव्हते. सुधा तर सरळ बोलली, "एक टिक तर आहे. त्या बाईचं घर चालेल."

मी टॅबलेट घेऊन संध्याकाळपर्यंत बसलो. 'होय' करणं म्हणजे बोटभर काम. पण दहा वर्षांत एकही खोटी टिक नाही, याचा मला अभिमान होता. अभिमान कसला, माज होता. गिऱ्हाइकाची फसवणूक नको, नियम तो नियम, उद्या कुणाला काही झालं तर, अशी सगळी कारणं मी स्वतःला दिली. सहा वाजता फॉर्म आपोआप बंद झाला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. रात्री जेवण गेलं नाही.

निकाल आम्हाला कळवत नसत. तोही नियम. मी विचारलंही नाही. राव मामी मेस बंद पडली असणार, हे मी धरून चाललो. तेव्हापासून मांबलम स्टेशनला जाताना मी ती गल्ली टाळायला लागलो. दुसऱ्या रस्त्याने पाच मिनिटं जास्त लागतात. आठ वर्षं मी ती पाच मिनिटं रोज दिली, पण त्याने काही फिटलं नाही.

पुढची आठ वर्षं कामात राम नव्हता. खाणं चालू, फॉर्म चालू. डायबेटिस झाला, मग ब्लड प्रेशर. डॉक्टर म्हणाले मीठ बंद, आणि मी रिटायर झालो. श्रीनिवासनांनी निरोपाला जेवण दिलं. काय जेवलो ते आठवत नाही.

या वर्षी पावसाळ्याआधी सुधाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. स्वयंपाक बंद. शेजारणीने एका ठिकाणाहून दुपारचं पार्सल लावून दिलं. पहिल्या दिवशी मी सवयीने सांबाराच्या पिशवीचा दोरा बघितला. दोन फेरे आणि नीट गाठ, मालक दुकानात बसणारा. भाजी आंबटसर, मऊ. मीठ अगदी नेमकं. कुठल्याही चांगल्या ठिकाणी असतं तसं.

"बरं आहे की," मी म्हणालो. "कुठलं?"

"राव मामी म्हणे. तुमच्या त्या," सुधा म्हणाली.

मी पिशवीचा तो दोरा पुन्हा उचलून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला मी त्या गल्लीत शिरलो. पाटी तीच, टेबलं तीच. दारातून वासंतीने मला ओळखलं नाही, मामींनी ओळखलं. आता ऐंशीच्या घरात, कमरेत वाकलेल्या.

"मद्रासवाले!" त्या म्हणाल्या. "येवा, येवा. चपला तिकडे."

स्वयंपाकघरात भिंतीला एक जाड वही टांगलेली होती, दोरीला बांधलेलं पेन. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं. माझा 'नाही' गेल्यावर एजन्सीने त्यांना पत्र पाठवलं होतं. महिनाभराची मुदत. प्रत्येक पदार्थ चाखून वहीत सही करायची तयारी असेल तर पुन्हा विचार करू. मामींनी तीन दिवस घेतले, मग पेन आणायला वासंतीला पाठवलं. करार मिळाला. जवळजवळ दहा वर्षं सकाळी सहाला श्रीपेरुंबुदूरची गाडी दाराशी यायची आणि डबे घेऊन जायची. पोरांनी पोटभर खाल्लं.

"मग चांगलंच झालं की, अक्का," मी म्हणालो. इतक्या वर्षांचं ओझं उतरतंय असं मला वाटत होतं.

"बेस झालं," त्या म्हणाल्या. "घर चाललं. तुमचें काय चूक? खरं तेंच लिहिलांत." मग कोनाड्याकडे बोट दाखवलं. "पण मी चाखलेलं त्याला कसं द्यायचं? थांबवलं. दहा वर्षं देव केळं खाऊन राहिला."

कोनाड्यात देवापुढे एक केळं होतं, बाजारातलं, साल काळपट पडत आलेली.  मी समजत होतो की माझ्या टिकेने त्यांची मेस गेली. मेस राहिली होती. गेलं होतं ते त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने, रोज सही करून सोडलं होतं. मी खरं वाईट वाटून म्हणालो, "मी तेव्हा होय लिहायला हवं होतं."

"आता कसाला ते?" त्या म्हणाल्या. "करार संपला आठ दिवसांखालीं. कंपनीनं आपलं मोठं किचन बांधलं. वहीही भरली. मी म्हटलं, आता पुन्हा दाखवू निवेद. सोमवारपासून बघत्यें, जमत नाही राव. नाक मेलं. जीभ आली कीं नाक आळशी होतं. परवा भाजी अळणी, काल खारट, वासंतीनं चाखून नीट केली तेव्हां पार्सलें गेलीं. वासंती म्हणते, चाखा कीं. चाखलं कीं मग तें कसलं निवेद?"

चुलीवर आंबटभाजी रटरटत होती. मामींनी झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं.

"तुम्ही इतकी वर्षं हेंच काम केलांत. वास घेवा. मीठ बराबर आहे कीं?"

अठरा वर्षांत हजारो जेवणं चाखलेला माणूस मी, आणि मला न चाखता सांगायचं होतं. मी वाकलो. चिंच, मेथी, मोहरी, मागून गूळ. मीठ कुठे असतं वासात? डोळे मिटले. मला वाटलं, वास जरा कच्चा आहे.

"कमी आहे," मी म्हणालो.

"बराबर?"

"कमी आहे, अक्का."

त्यांनी मूठभरून नाही, पण चांगलं चिमूटभर टाकलं, ढवळलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी ताटली काढली. कोनाड्यातलं केळं उचलून बाजूला ठेवलं. चमचा चमचा सगळं वाढलं, तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं.  त्या किती वेळ डोळे मिटून उभ्या होत्या ते मी मोजलं नाही. घड्याळ न बघता घालवलेली ती माझी बऱ्याच वर्षांतली पहिली काही मिनिटं असतील.

मग मला पान वाढलं. मी पहिला घास घेतला.

भाजी खारट होती. थोडी नाही, चांगलीच खारट. मीठ आधीच बरोबर होतं आणि मी ते बिघडवलं होतं. माझं सगळं शहाणपण, सगळे फॉर्म, त्या एका घासात कळून आले. डॉक्टरने मीठ बंद केलेला माणूस मी, भाताबरोबर ती भाजी मुकाट्याने खात राहिलो. मामी समोर उभ्या होत्या.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"बराबर आहे, अक्का."

दहा वर्षं उशिरा दिलेलं ते उत्तर. दुसऱ्या वाढपालाही मी भाजी मागून घेतली.

माझं झाल्यावर मामी आपलं पान घेऊन खाली बसल्या. त्यांनी भात कालवला, घास तोंडात घातला. चावायच्या थांबल्या. मग हळूहळू गिळला आणि माझ्याकडे बघितलं.

"मराठी नाही म्हणालांत तें एक," त्या म्हणाल्या, "हें दोन."

मी हात जोडले. त्यांनी दह्याचं भांडं जवळ ओढलं, भाजीत मोठी पळी दही घातलं आणि शांतपणे सगळं पान संपवलं. उठताना त्यांनी कोनाड्याजवळचं केळं वासंतीच्या हातात दिलं, "खाऊन टाक," आणि मला म्हणाल्या, "उद्या एक चिमूट कमी घालीन. याल कीं वास घ्यायला?"